बुडबुडे थांबले, काम चालू आहे!

होस्टेलवर 'बिअर' हा शब्द उच्चारला की पाच रूमचे दरवाजे उघडतात आणि रेक्टर सर दिसले की पाचही बंद होतात. म्हणून आधीच सांगतो, महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं हा गुन्हा आहे, आणि हा लेख म्हणजे रेसिपी नव्हे. प्रश्न निव्वळ इंजिनिअरिंगचा आहे : आंबवणाच्या बंद पिंपातून वायू बाहेर पडतो कसा?

आधी हिशोब करू. यीस्ट साखर खातं तेव्हा १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. २० लिटर बिअरमध्ये २ किलो साखर आंबली, तर वायू निघतो जवळजवळ १ किलो, म्हणजे ५०० लिटरच्या वर! त्यातला फार तर १५-२० लिटर द्रवात विरघळून राहतो. बाकीच्याला वाट दिली नाही तर तो स्वतः वाट काढतो, मग झाकण उडो नाहीतर पिंप फुटो.

ही वाट म्हणजे एअरलॉक, थोडं पाणी भरलेली वाकडी नळी. वायू पाण्यातून बुडबुडे काढत बाहेर जातो, पण बाहेरची हवा आत येत नाही. हवा आत आली तर अल्कोहोलचा व्हिनेगर व्हायला वेळ लागत नाही. आमच्या जुन्नर-आंबेगावकडच्या मुलांना हे नवीन नाही. गोबरगॅसची तरंगती टाकी आठवा. तिची कड शेणकाल्यात बुडालेली असते, तेच तिचं सील. फरक एवढाच, की तिथे वायू साठवायचा आणि इथे सोडायचा.

आता नवशिक्याची घाबरगुंडी. तिसऱ्या दिवशी बुडबुडे बंद! यीस्ट मेलं की काय? थांबा. नळीत २ सेंटिमीटर पाणी असेल, तर ते ढकलायला वातावरणाच्या दाबाचा फक्त पाचशेवा भाग लागतो. झाकणाची रबरी रिंग जराशी सैल असली, तरी वायू तिथूनच गुपचूप सटकतो. पाणी उताराने जातं, वायू कमी अडथळ्याने. शिवाय नारायणगावची डिसेंबरची रात्र असेल, तर यीस्ट सुस्तावतं, पिंपातली हवा आकसते आणि नळीतलं पाणी उलट आत ओढलं जातं. दुपारी पिंप तापलं, की विरघळलेला वायू सुटून काम संपल्यावरही बुडबुडे येतात. म्हणजे बुडबुडा हा साक्षीदार आहे खरा, पण फितूर होणारा.

खरा साक्षीदार हायड्रोमीटर. दूध डेअरीवरच्या लॅक्टोमीटरचाच हा भाऊ. साखर संपत जाते तशी द्रवाची घनता उतरते, समजा १.०५० वरून १.०१० वर. दोन-तीन दिवस आकडा हलला नाही, की आंबणं संपलं.

ही घाई का नको, ते आमच्या नारायणगावनेच दाखवलं आहे. १९८० च्या दशकात इंडेज कंपनीने फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने तिथे 'ओमर खय्याम' ही फेसाळती वाईन काढली. या पद्धतीत दुसरं आंबवण बाटलीतच होतं आणि वायू मुद्दाम कोंडला जातो. लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर, आणि दाब सुमारे ६ वातावरण. त्यासाठी जाड काच आणि तारेने बांधलेलं बूच लागतं. साखर उरलेली असताना साध्या बाटलीत द्रव भरला, तर हाच हिशोब काचेचे तुकडे होऊन अंगावर येतो.

शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. बाहेर पडलेला वायू गायब होत नाही. तो हवेच्या दीडपट जड, म्हणून तळघरात, रिकाम्या टाकीत, विहिरीत तळाशी बसतो. गावाकडे विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघतात. पद्धत चांगली, पण पुरेशी नाही. हवेत १० टक्के कार्बन डायऑक्साइड झाला तरी ज्योत जळत राहू शकते आणि माणूस मात्र बेशुद्ध पडतो. गोबरगॅसच्या खड्ड्यावर तर ज्योत नेऊच नका, तिथे मिथेन असतो. आणि आत कोणी पडलेला दिसला, तर धावत खाली उतरू नका. एकामागून एक माणसं अशीच जातात. बाहेरूनच दोर टाका, हवा खेळवा, अग्निशमन दलाला बोलवा.

व्हायवाला विचारलं नाही, तरी एवढं लक्षात ठेवा.