‘हल्ला’ या शब्दाचा अर्थ लिहिताना

रबाळ्याच्या एमआयडीसीत मी नऊ वर्षं पंपांची माहितीपुस्तकं लिहिली. आधी मोटर बंद करायची की व्हॉल्व्ह, हे एका ओळीत सांगायचं आणि ती ओळ वाचणाऱ्याचा हात भाजू नये एवढं बघायचं, हे माझं काम. आता महाप्यात एका छोट्या चमूत बसते. काम तेच आहे, वाचक बदलला. मी लिहिलेलं आता एआय एजंट वाचतो, आणि ते वाचून संगणकावरच्या खेळात सैन्य चालवतो.

खेळाचं नाव फ्रीसिव्ह. १९९१च्या ‘सिव्हिलायझेशन’वरून स्फूर्ती घेऊन डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठातल्या तीन विद्यार्थ्यांनी १९९५च्या अखेरीस तो लिहायला घेतला. शहरं वसवायची, शोध लावायचे, शेजाऱ्याशी तह करायचा नाहीतर लढायचं. त्याचा सोर्स कोड सर्वांना खुला असल्यामुळे संशोधकांनाही तो सोयीचा वाटतो. २०२४मध्ये मांडलेलं ‘सिव्हरेल्म’ हे एजंटांचं सरावाचं मैदान याच खेळावर उभं आहे.

एजंटच्या मुळाशी असतं भाषेचं मॉडेल. आमचा एजंट माउस हलवत नाही. पटाची स्थिती त्याला मजकुरात मिळते आणि सोबत मिळते ‘टूल’ची यादी: तुकडी हलवणे, शहर वसवणे, हल्ला करणे. प्रत्येक टूलला एक नाव, भरायचे रकाने आणि चार ओळींचं वर्णन. एजंट वर्णन वाचून टूल निवडतो, कोणती तुकडी आणि कोणता चौकोन ते भरतो. खेळाचा सर्व्हर नियम तपासून लढाई घडवतो आणि निकाल पुन्हा मजकुरातच परत येतो.

हल्ल्याच्या टूलचं माझं पहिलं वर्णन एकाच ओळीचं होतं: शेजारच्या चौकोनातल्या शत्रूवर हल्ला करते. त्या दिवशी एजंटनं एकाच तटबंदीच्या शहरावर चार लीजन, म्हणजे रोमन पायदळाच्या तुकड्या, एकामागून एक घातल्या. चारही गारद झाल्या. नोंदी वाचल्यावर कळलं, की दरवेळी टूल ‘यशस्वी’ असं उत्तर देत होतं. माझ्या लेखी त्याचा अर्थ होता, आदेश पोचला. एजंटनं वाचलं, लढाई जिंकली. एका शब्दाची ती चूक माझी होती.

त्या तटापुढचं गणित साधं आहे. लीजनचं आक्रमणबळ ४, समोरच्या फॅलँक्सचं, म्हणजे भालाईत पायदळाच्या तुकडीचं, बचावबळ २. लढाई फेऱ्याफेऱ्यांनी होते आणि फेरी कोण जिंकणार हे या आकड्यांच्या प्रमाणात ठरतं. उघड्या मैदानावर सरासरी सहातल्या चार फेऱ्या लीजनच्या. पण तोच फॅलँक्स शहरात असला की त्याचं बळ दीडपट होतं आणि तट असला की त्याच्याही दुप्पट. दोनाचे सहा होतात. मग दहातल्या चारच फेऱ्या लीजनच्या. दोघांकडेही दहा घाव सोसण्याइतकाच दम असतो, त्यामुळे अख्खी लढाई जिंकण्याची शक्यता उरते जेमतेम पाचात एक.

मी वर्णनात भर घातली: तटबंदीच्या शहरावर लीजन पाठवू नये. पुढच्या डावात एजंटनं त्याच तटावर घोडेस्वार पाठवले. त्यांचं आक्रमणबळ तर अवघं २. मनाई त्यानं अक्षरशः पाळली होती. मनाई का, ते मी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा मला रामचंद्रपंत अमात्यांचं ‘आज्ञापत्र’ आठवलं. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या या ग्रंथात आरमारासाठी लाकूड तोडण्याबद्दल हुकूम आहे. आंबा-फणसाला हात लावू नये, असं सांगून अमात्य थांबत नाहीत. ही झाडं लवकर वाढत नाहीत, रयतेनं ती पोटच्या पोरांसारखी जपलेली असतात, हेही ते सांगतात. हे कारण कळलेला कारभारी हुकुमात नाव नसलेल्या झाडापुढेही थबकेल.

मग वर्णन नव्यानं लिहिलं. तटामागे बचाव कितीपट होतो आणि का. मोकळ्या मैदानात एका चौकोनावरच्या अनेक तुकड्यांपैकी बचाव करणारी पडली की सगळ्याच जातात, शहरात मात्र तसं होत नाही. ‘यशस्वी’ हा शब्द काढून टाकला. त्याजागी तीन वेगळी उत्तरं आली: जिंकली, हरली, आदेश नाकारला. नाकारला असेल तर कारणही: शत्रू शेजारी नाही, तुकडीची चाल संपली आहे, युद्ध पुकारलेलं नाही. आणि सर्वांत वर एक ओळ: केलेला हल्ला मागे घेता येत नाही.

ही ओळ मला सगळ्यांत मोलाची वाटते. पैसे पाठवणं, फाइल पुसणं, पत्र धाडणं, ही कामंही एजंट अशीच वर्णनं वाचून करू लागले आहेत. तिथे चार लीजनवर भागणार नाही.

रबाळ्यात पंपापुढे उभा असलेला माणूस अडला की शेजारच्याला हाक मारायचा, ‘दादा, हे काय लिहिलंय?’ एजंट सहसा विचारत नाही. मी सोडलेली मोकळी जागा तो स्वतःच्या अंदाजानं भरतो आणि पुढे जातो. म्हणून आता प्रत्येक वर्णन लिहून झालं, की ते मी त्या पंपापुढच्या माणसाच्या आवाजात मोठ्यानं वाचते. ती हाक जिथे ऐकू येते, तिथे आणखी एक ओळ लिहिते.