पाळी थांबते तेव्हा ताटाकडे बघा

मेरी केन ही अमेरिकेची धावपटू शाळेत असल्यापासूनच विक्रम मोडत होती. २०१९ साली तिने जाहीरपणे सांगितलं, की वजन उतरवण्याच्या दडपणाखाली तिची पाळी तीन वर्षं आली नाही आणि पाच हाडं मोडली. मैदानावर मात्र आजही पाळी थांबली की ‘सराव जोरात चाललाय’ असंच मानतात. काही मुलींना तर सुटल्यासारखं वाटतं.

दोष सरावाचा की खाण्याचा, हे अमेरिकेच्या ॲन लाउक्स यांनी नव्वदच्या दशकात तपासलं. भरपूर व्यायाम करूनही पुरेसं खाणाऱ्या स्त्रियांची संप्रेरकं बिघडली नाहीत. खाणं कमी पडलं तेव्हाच पाळीचं चक्र चालवणाऱ्या ‘एलएच’ संप्रेरकाची लय मंदावली, तीही अवघ्या पाच दिवसांत.

हिशेब असा. व्यायामाचा खर्च वजा करून चरबीविरहित वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण ४५ कॅलरी उरायला हव्यात. ३० च्या खाली गेलं की मेंदूतला हायपोथॅलॅमस या संप्रेरकाबाबत हात आखडता घेतो. समजा, मुलीचं चरबीविरहित वजन ४५ किलो आहे. ती २,००० कॅलरी खाते आणि ७०० सरावात जाळते. उरल्या १,३००, म्हणजे किलोमागे २९. घरच्यांना तिचं ताट भरलेलंच दिसतं! त्यात भात-पोळी सोडून काकडी-कोशिंबिरीवर भर असेल, तर पोट भरतं, पण ऊर्जा मिळत नाही.

वजनकाट्यावर ही तूट दिसेलच असं नाही. शरीर थायरॉइडचं टी-३ संप्रेरक घटवून विश्रांतीतला खर्चही कापतं, त्यामुळे वजन जागच्या जागी राहू शकतं. इकडे इस्ट्रोजेन कमी झालं की हाडांची झीज भरून निघत नाही, आणि ज्या वयात हाडं कमवायची त्याच वयात ती ठिसूळ होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून ऊर्जा कमी पडण्याच्या या अवस्थेला ‘रेड-एस’ हे नाव दिलं आहे. पुरुष खेळाडूंनाही ती गाठते.

गोळ्यांनीही हे सुटत नाही: गर्भनिरोधक गोळ्यांवर दर महिन्याला येणारा रक्तस्राव ही खरी पाळी नव्हे. त्याने दुखणं फक्त झाकलं जातं. म्हणून प्रशिक्षकांनी आणि आई-वडिलांनी एवढं करावं: वेळेचा तक्ता ठेवता तसा पाळीचाही ठेवायला मुलीला सांगा. सलग तीन महिने पाळी आली नाही, किंवा पंधरावं वर्ष उलटूनही सुरू झाली नाही, तर डॉक्टर गाठा, आणि तोवर तिचं जेवण मुळीच कापू नका.