ध्वजाचा निळा रंग आणि संगणकाचा पडदा

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या एका कार्यक्रमपत्रिकेवर पंचरंगी धम्मध्वज छापावयाचा होता. डीटीपी केंद्रातील पडद्यावर तो निळाशार दिसत होता. पत्रिका छापून आल्या तेव्हा निळा पट्टा जांभळा झाला होता आणि पांढऱ्या पट्ट्यातून मागचा पिवळा रंग डोकावत होता. मंठ्याहून आलेल्या एका पालकांनी विचारले, "गुरुजी, हे कोणतं निशाण?" आम्ही निरुत्तर झालो. दोष कोणाचा हे शोधत बसण्यापेक्षा रंग कसा भरतात हे आपणच शिकावे, असे आम्ही ठरविले.

१८८५ साली सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, साकारलेल्या या ध्वजात निळा, पिवळा, लाल, पांढरा व केशरी असे पाच उभे पट्टे असून सहाव्या पट्ट्यात हेच रंग एकाखाली एक येतात. कोरल ड्रॉमध्ये त्यासाठी दहा आयत काढावे लागतात. आयत निवडून रंगपट्टीवर माउसचे डावे बटण दाबले की आतील भागात सपाट, एकसंध रंग भरतो. उजवे बटण दाबले की केवळ कडेची रेषा रंगते. फुलीच्या चौकोनावर उजवे बटण दाबल्यास कडेची रेषा नाहीशी होते. हाताने काढलेली आकृती मात्र बंदिस्त असावी लागते. रेषा कोठे तुटलेली राहिली, तर सहसा रंग भरत नाही.

'पांढरा' आणि 'रंगविरहित' यांतील भेद आम्हांस उशिरा उमगला. फुलीच्या चौकोनावर डावे बटण दाबले की आकृती रिकामी होते व मागचे सारे दिसते. पांढरा रंग भरला तरच मागचे झाकले जाते. पांढऱ्या कागदावर हा फरक दिसत नाही. रंगीत पार्श्वभूमीवर तोच घात करतो.

निळ्याचे कारण निराळे. पडदा लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशातून रंग घडवितो. छपाई सायन, मॅजेंटा, पिवळा व काळा या चार शाईंतून. पडद्यावरील प्रत्येक छटा शाईत उतरत नाही. सायन व मॅजेंटा दोन्ही शंभर टक्के ठेवले की निळा जांभळ्याकडे झुकतो. आम्ही आता सायन १०० व मॅजेंटा ६५ ठेवतो. केशरीसाठी पिवळा १०० व मॅजेंटा ६०. बारीक मजकूर मात्र केवळ काळ्या शाईत ठेवावा. चार शाई एकावर एक आल्या आणि किंचित सरकल्या, तर अक्षरे धूसर होतात. आणि पडद्यावर विसंबू नये, छापील नमुना पाहूनच संमती द्यावी.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा समाजाला स्वतःचे छापील अक्षर मिळाले. ते अक्षर आणि तो निळा रंग निर्दोष छापणे ही आता आपली जबाबदारी आहे. या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावरील ध्वजात रंग आमच्या विद्यार्थ्यांनी भरले आहेत. तो निळा आहे की नाही, हे वाचकांनीच पाहावे.