चाळिशीनंतर डॉक्टर व्हावे का?

आजारी आई-वडिलांची किंवा सासू-सासऱ्यांची वर्षानुवर्षे शुश्रूषा केलेल्या माणसाच्या मनात एक इच्छा पुष्कळदा मूळ धरते. रक्तदाबाची नोंद ठेवणे, इन्सुलिन टोचणे, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस बदलणे हे सारे करता करता वाटू लागते, की आपण डॉक्टर व्हायला हवे होते. अजूनही होता येईल का? कुणकेश्वरसारख्या गावात, जिथे रात्रीअपरात्री रुग्णाला देवगडला न्यावे लागते, ही इच्छा केवळ हौस ठरत नाही. आपल्या घरी हा प्रश्न निघाला, तर तो हसण्यावारी नेऊ नका. मात्र होकार देण्यापूर्वी काही गोष्टी कागदावर मांडा.

प्रथम नियम पाहू. ‘नीट’ परीक्षेसाठी कमाल वयाची अट आता नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ती हटवल्याचे मार्च २०२२ मध्ये कळवले. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय असणे मात्र आवश्यक आहे. ओडिशातील जयकिशोर प्रधान स्टेट बँकेतून निवृत्त झाले आणि २०२० मध्ये, वयाच्या ६४ व्या वर्षी, ‘नीट’ उत्तीर्ण होऊन बुर्ला येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. तेव्हा दार बंद नाही, हे खरे. पण दरवर्षी वीस लाखांहून अधिक विद्यार्थी याच दारापाशी उभे असतात आणि वयाची सवलत कोणालाही मिळत नाही.

आता काळाचा हिशेब. परीक्षेच्या तयारीला किमान एक वर्ष, अभ्यासक्रमाची साडेचार वर्षे, आंतरवासितेचे एक वर्ष आणि शासकीय महाविद्यालयातून पदवी घेतल्यास महाराष्ट्रात एक वर्षाची बंधपत्रित सेवा. म्हणजे पंचेचाळिसाव्या वर्षी आरंभ करणारी व्यक्ती, सारे वेळेत पार पडले तरी, त्रेपन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर स्वतंत्र व्यवसायाला मोकळी होते. त्यानंतर सेवेची किती वर्षे हाती राहतील, हे प्रत्येकाने आपल्या प्रकृतीकडे पाहून ठरवावे. पण याच हिशेबाची दुसरी बाजू अधिक हळवी आहे. आज पंचाहत्तरीत असलेले वडील तोवर त्र्याऐंशीच्या घरात पोहोचलेले असतील. ज्यांच्या सेवेतून ही इच्छा जन्मली, त्यांना आपली सर्वाधिक गरज भासेल ती नेमकी हीच वर्षे.

हा अभ्यासक्रम पत्रद्वारा किंवा सायंकालीन वर्गातून होत नाही. व्याख्यानांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के उपस्थिती सक्तीची असते. सिंधुदुर्गनगरीला २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ही आपल्या जिल्ह्याची मोठी सोय; तरीही कुणकेश्वराहून रोज एसटीने ये-जा करून हा अभ्यास साधणे कठीण. शिवाय प्रवेश तिथेच मिळेल, याची शाश्वती नाही. पुढे रात्रपाळ्या येतात. पन्नाशीत जागरणाने रक्तदाब व साखर बिघडू शकते, तासन्‌तास उभे राहून गुडघे दुखावतात. म्हणून निर्णयापूर्वी साखर, रक्तदाब आणि डोळे तपासून घ्या.

यानंतर स्वतःला एक प्रश्न विचारा : मला पदवी हवी आहे, की रुग्णाच्या उपयोगी पडायचे आहे? दोन्ही इच्छा आदरणीय आहेत. त्यांचे मार्ग मात्र वेगळे आहेत. रखमाबाईंनी बालविवाहाविरुद्धचा न्यायालयीन लढा संपल्यावर, १८८९ मध्ये, लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय विद्यालयाची वाट धरली. त्या काळात संसारात मुरलेल्या मानल्या जाणाऱ्या वयाच्या, पंचविशीच्या त्या विद्यार्थिनी होत्या. १८९४ मध्ये त्या डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ स्त्रियांची सेवा केली. त्यांना शस्त्रक्रिया व प्रसूतीचा अधिकार हवा होता. पदवीवाचून तो मिळाला नसता. उलट बाबा आमटे वकील होते. कुष्ठरुग्णांसाठी काम करायचे ठरल्यावर पस्तिशीच्या सुमारास ते कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचे शिक्षण घेऊन आले आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. कामाला लागेल तेवढे ज्ञान त्यांनी नेमके मिळवले.

ज्यांना पदवीच हवी, त्यांनी नोकरी सोडण्यापूर्वी तीन महिने स्वतःची परीक्षा घ्यावी. अकरावी-बारावीची भौतिकशास्त्राची पुस्तके आणून रोज दोन तास बसावे. शेवटी ‘नीट’ची एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवावी, १८० प्रश्न, तीन तास. गुणांपेक्षा अभ्यासाची गोडी टिकली का, हे पाहावे. त्याच काळात घरात दोन गोष्टी ठरवाव्यात. आपण नसताना रात्रीचे औषध कोण देणार? आणि वडीलधाऱ्यांच्या उपचारांसाठी राखलेल्या कोणत्या रकमेला हात लावायचा नाही? खासगी महाविद्यालयाचे शुल्क वर्षाला काही लाखांत जाते; त्यासाठी म्हाताऱ्या आई-वडिलांची कलमबाग गहाण पडू नये.

ज्यांना सेवाच करायची आहे, त्यांनी प्रथमोपचार, हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवन, जखमेची निगा आणि अंथरुणावरील रुग्णाची काळजी यांचे रीतसर प्रशिक्षण घ्यावे. मात्र अनुभवाच्या बळावर शेजाऱ्यांना गोळ्या सुचवू नयेत. एकाला लागू पडलेले औषध दुसऱ्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकते.

आणि ज्येष्ठ वाचकहो, मुलगी किंवा सून असा बेत बोलून दाखवील, तेव्हा ‘आता या वयात कशाला?’ असे म्हणू नका. तुमची शुश्रूषा करतानाच तिला ही ओढ लागलेली असते. तिच्याजवळ बसून वर्षांचा आणि पैशांचा हिशेब मांडा, आणि त्या वर्षांत तुम्हाला कोणती मदत लागेल, हे संकोच न करता सांगा. तिचा निर्णय काहीही असो, तो तुमच्या मौनावर आधारलेला नसावा.