वाटाड्या आकाशात, चाक माणसाच्या हाती

घर पाहावे बांधून, अशी आपल्याकडे म्हण आहे. आजचा शहरी माणूस घर बांधत नाही, बांधलेले घेतो. पिंपरी-चिंचवडला नव्या सदनिकेत यंदा ज्यांची पहिली दिवाळी असेल, त्यांनी घर घेताना फरशी पारखली असेल, रंगाची छटा निवडली असेल. पण भिंतीच्या पोटातली खडी कोठून आली, हे फारसे कुणी विचारले नसेल. ती बहुधा मोशी-मोईसारख्या गावांच्या दगडखाणींतून व क्रशरवरून आली. दारातल्या माळेत खेळणाऱ्या विजेचाही काही वाटा चंद्रपूरकडच्या कोळशाचा असतो. खडी असो वा कोळसा, उघड्या खाणीतून तो बहुतेक करून वर येतो तो ट्रकच्या हौद्यातून. त्या ट्रकचा चालक पाळी संपवून धडधाकट घरी परतावा, यासाठी आता एक नवे तंत्र पुढे आले आहे. त्याचीच ही ओळख.

हा विषय आपल्या परिसराला परका नाही. १९६६ साली टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, येथे पाय रोवले. महिंद्राचे जड ट्रक चाकणला तयार होतात. ज्या खोदयंत्रांना आपले कामगार सरसकट 'पोकलेन' म्हणतात, ती बनविणाऱ्या सानी व ह्युंदाई यांचे कारखानेही चाकणचेच. आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरचा कर्ता पुरुष किंवा लेक या कारखान्यांत कामाला असेल. गाडी फाटकाबाहेर पडली की आपले काम संपले असे वाटते. तिची खरी परीक्षा मात्र तिथून पुढे सुरू होते.

खाणीतला रस्ता हा आपल्या ओळखीचा रस्ता नव्हे. नागपूरला मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या चंद्रपूर-वणी भागातील उघड्या खाणी पाहिल्या म्हणजे हे ध्यानात येते. खोदाई पुढे सरकते तसा रस्ताही सरकतो. काल जिथे वळण होते तिथे आज कडा असतो. एका बाजूला उभी भिंत, दुसऱ्या बाजूला खोल खड्डा आणि मध्ये मातीचा बांध. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात काळा चिखल, हिवाळ्यात पहाटेचे धुके. त्यात मोठ्या डंपरचा चालक जवळजवळ एक मजला उंच बसतो व त्याची केबिन बहुधा डाव्या अंगाला असते. उजव्या चाकाजवळ उभी असलेली जीप त्याला दिसतच नाही! उघड्या खाणींतल्या प्राणघातक अपघातांत डंपर आणि ट्रक यांचा वाटा वर्षानुवर्षे मोठा राहिला आहे, यात मग नवल ते काय?

आपल्याकडच्या दगडखाणीत या आंधळ्या बाजूवर जुना उपाय म्हणजे क्लीनर. गाडी मागे घेताना तो 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणत पत्र्यावर थाप मारतो. यातली भीषण गोष्ट अशी की, चालकाला जी जागा दिसत नाही, नेमक्या त्याच जागेत हा पोरगा उभा असतो.

नव्या तंत्राचा पहिला भाग आकाशात आहे. उपग्रह आपली वेळ सतत सांगत असतो. तो संदेश प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, खाली येतो. तो किती उशिरा पोहोचला यावरून अंतर निघते, आणि निदान चार उपग्रहांची अंतरे मिळाली की गाडीची जागा ठरते. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी हिशेब ३०० मीटरने चुकतो. म्हणून उपग्रहावर अणुघड्याळ लागते. अमेरिकेच्या जीपीएसच्या जोडीला आपल्या इस्रोने २०१३ ते २०१६ या काळात 'नाविक' मालिकेचे सात उपग्रह सोडले. त्यांतील काहींची घड्याळे पुढे बिघडली. २०२३ साली सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहावर देशी बनावटीचे अणुघड्याळ बसविले गेले.

परंतु साध्या यंत्राला काही मीटरची चूक चालते. कड्यावर उभ्या असलेल्या ट्रकला ती चालत नाही. शिवाय खोल खाणीत उंच भिंती आकाशाचा तुकडा झाकतात. म्हणून खाणीच्या काठावर, जिची जागा पक्की ठाऊक आहे अशी एक स्थिर चौकी बसवितात. ती चुकीची दुरुस्ती रेडिओवरून गाड्यांना कळविते, आणि चूक काही सेंटिमीटरवर येते. मग चालकापुढच्या पडद्यावर कडा, वळण, समोरून येणारी गाडी दिसू लागते. मागच्या बाजूस रडार व कॅमेरा बसतात. त्यांना उपग्रहाची गरज नसते. धुक्यात डोळा जिथे हार मानतो, तिथे रडार काम करते.

हिशेब करून पाहा. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारा ट्रक सेकंदाला १० मीटर जातो. दोन सेकंद आधी इशारा मिळाला, तर चालकाच्या हाती २० मीटर आले. कित्येकदा जीव वाचायला तेवढे पुरतात.

मात्र यात एक मेख आहे. गाड्यांनी एकमेकींना आपली जागा कळवायची, तर ती पेटी प्रत्येक गाडीवर हवी. कंपनीच्या मोठ्या डंपरवर पेटी आहे, पण कंत्राटदाराच्या टिपरवर किंवा पाण्याच्या टँकरवर नाही, तर ती गाडी पडद्यापुरती अदृश्यच!

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे ही पेटी ट्रकवर आली ती प्रामुख्याने माल राखण्यासाठी. कोळशाची चोरी थांबावी म्हणून कोळशाच्या ट्रकांवर ती बसली. गौण खनिजाची चोरटी वाहतूक रोखण्यासाठी महाराष्ट्राच्या 'महाखनिज' व्यवस्थेत वाहनाला जीपीएस जोडावे लागले. ट्रक वाट सोडून गेला की कचेरीत कळते. चालक दहा तास सलग चाकावर आहे, उतारावर वेग वाढला आहे, हेही त्याच पेटीत नोंदले जाऊ शकते. ते कोण वाचतो? प्रवासी वाहनांसाठी पुण्याच्या एआरएआय संस्थेमार्फत प्रसिद्ध झालेल्या एआयएस-१४० या मानकात संकटाची सूचना देणारे बटनही आहे. म्हणजे माणूस राखण्याचा विचार यंत्राला जड नाही. तो मालकाला सुचला पाहिजे.

परदेशात याहून पुढची मजल गेली. २००८ साली चिलीतील गॅब्रिएला मिस्त्राल या तांब्याच्या खाणीत चालकाविना डंपर धावू लागले. ऑस्ट्रेलियातील पिल्बारामधल्या लोखंडाच्या खाणींचे असे ट्रक सुमारे १,५०० किलोमीटर दूर पर्थ शहरातून सांभाळले जातात. आपल्या खाणींत मात्र चाक अजून माणसाच्याच हाती आहे.

म्हणून माणसाचा विचार आधी करावा लागतो. जिथे कमाई खेपांवर ठरते, तिथे पेटी वाजली तरी पाय ब्रेककडे वळत नाही. क्षुल्लक कारणाने वारंवार वाजणारा भोंगा तर चालक कापड कोंबून बंद करतो, आणि त्याला दोष देता येत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व जड ट्रकांची केबिन वातानुकूलित असणे सरकारने बंधनकारक केले, हे योग्यच झाले; चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तिथे झोप न झालेल्या चालकाला पडद्यावरचा इशारा कितीसा उमजणार?

पेटी सर्व गाड्यांवर असावी, भोंगा मोजका व खरा असावा, आणि त्यातील नोंद चालकाचा पगार कापण्याआधी त्याची विश्रांती ठरविण्यासाठी वाचली जावी. या तीन गोष्टी झाल्या तर हे तंत्र कारणी लागेल. आपल्यापैकी कुणी कारखान्यात आरेखक असेल, कुणी बांधकामाच्या कचेरीत, कुणी गृहसंस्थेच्या कमिटीत. खडीचा ट्रक रात्रीतून आलाच पाहिजे असा निरोप पुढल्या वेळी जाईल, तेव्हा तो ट्रक चालविणारा किती वेळ चाकावर आहे, एवढे एक वाक्य त्याला जोडून विचारता येईल.