घरच्या गॅरेजमधील मोटार-लिफ्ट : जागा ठरविण्यापूर्वी

पुणे, नाशिक, इंदूर, वडोदरा अशा शहरांतील जुन्या बंगल्यांची गॅरेजे फियाट किंवा अँबॅसडर डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली आहेत. फियाटची, म्हणजेच पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखल्या गेलेल्या मोटारीची रुंदी सुमारे १.४६ मीटर होती; २०१६ मध्ये भारतात आलेल्या इनोव्हा क्रिस्टाची १.८३ मीटर आहे. त्यातच अनेक घरांत आता दोन मोटारी असतात व त्यांपैकी एक रस्त्यावर उभी राहते. एक मोटार वर उचलून दुसरीला तिच्याखाली जागा करून देणाऱ्या चार खांबी लिफ्टकडे कुटुंबे वळतात ती यामुळेच. ती नेमकी कोठे उभी करावयाची, हा प्रश्न मात्र पुष्कळदा आगाऊ रक्कम देऊन झाल्यावर विचारला जातो. वास्तविक तो सर्वांत आधीचा प्रश्न होय.

प्रथम उंची पाहावी. इनोव्हा खाली व स्विफ्ट वर ठेवावयाची असे समजू. इनोव्हाची उंची सुमारे १.८० मीटर, तिच्या टपावर १० सेंटिमीटर मोकळी जागा, लिफ्टच्या फलाटाची जाडी १५ सेंटिमीटर धरली, स्विफ्टची उंची १.५३ मीटर आणि तिच्यावर पुन्हा १० सेंटिमीटर. बेरीज ३.६८ मीटर, म्हणजे बारा फुटांहून किंचित अधिक. घराच्या मजल्याची नेहमीची दहा फूट उंची येथे पुरत नाही. दोन्ही मोटारी बुटक्या सेडान असल्या तरी अकरा फूट लागतातच.

ही उंची स्लॅबपर्यंत न मोजता बीमच्या खालच्या कडेपर्यंत मोजावी. स्लॅब साडेबारा फुटांवर असला तरी दीड फुटाचा बीम आडवा आला की हिशेब कोलमडतो. तथापि येथे थोडी चतुराई उपयोगी पडते. मोटार सर्वत्र सारखी उंच नसते. टप उंच, पण बॉनेट पुष्कळच खाली असते. लिफ्ट दोन-अडीच फूट मागे-पुढे सरकविल्याने बीम बॉनेटच्या वर आणि टप दोन बीमच्या मधल्या पोकळीत येत असेल, तर अशक्य वाटणारी जागाही साधते. मात्र अशा जागी वरची मोटार प्रत्येक वेळी त्याच दिशेने व त्याच खुणेपर्यंत चढवावी लागते. वर दिवा किंवा पंखा असल्यास तो हलवावा.

उंचीची चूक निदान डोळ्यांना दिसते. जमिनीखालची दिसत नाही. आपल्याकडे पाण्याची भूमिगत टाकी, सांडपाण्याची टाकी आणि जलनि:सारणाचे चेंबर यांची जागा बहुधा पोर्च किंवा गॅरेजच असते. नऊशे किलोची मोटार आणि सुमारे टनभर वजनाचा सांगाडा धरला, तर प्रत्येक खांबाखाली जवळजवळ अर्धा टन भार येतो, आणि तोही फूटभर चौरसाच्या पत्र्यावर, रात्रंदिवस. टाकीचे झाकण वा तिच्यावरचा स्लॅब या भारासाठी बांधलेला असेलच असे नाही. केवळ फरशी आणि तिच्याखालचा मुरूम यांवर तर खांब उभा करूच नये. बंगल्याचे मूळ नकाशे काढावेत. ते सापडत नसतील तर जुन्या प्लंबरला बोलवावे, कारण टाक्या कोठे आहेत हे अनेकदा त्यालाच ठाऊक असते. त्यानंतर संरचना अभियंत्याकडून जमिनीची तपासणी करून घ्यावी. नवे काँक्रीट घालावे लागले, तर त्याला पूर्ण ताकद येण्यास २८ दिवस द्यावेत. विक्रेत्याच्या घाईला बळी पडू नये.

बाजूंचा विचार त्यामानाने सोपा आहे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. मोटार समोरून आत घ्यावयाची असेल तर लिफ्ट डाव्या भिंतीकडे सरकवून उजवी बाजू मोकळी ठेवावी. खालच्या मोटारीचे दार उघडताना खांब आड येतो का, आणि मागची डिकी उघडून सामान काढता येते का, हेही पाहावे. बटणाची पेटी मात्र अशा ठिकाणी हवी, जेथून बटण दाबणाऱ्यास फलाटाखालची संपूर्ण जागा दिसेल. घरात लहान मुले असतील तर या बाबतीत तडजोड नको.

कागदावरचे सारे जुळले तरी एक साधा प्रयोग करावा. खांबांच्या चार जागा खडूने आखून तेथे पालथ्या बादल्या ठेवाव्यात आणि आठवडाभर मोटारी तशाच आत-बाहेर कराव्यात. कोणती बादली रोज लवंडते, ते पाहून आखणी बदलता येते. सकाळी कोण आधी बाहेर पडतो, हाही प्रश्न याच आठवड्यात सुटतो. वरची मोटार काढण्यासाठी खालची हलवावीच लागते, तेव्हा क्वचित लागणारी, शक्यतो हलकी मोटार वर असावी आणि खालची क्षणभर कोठे उभी राहील तेही ठरलेले असावे.

बंगला गृहकर्जापोटी बँकेकडे गहाण असल्यास बीम, स्तंभ किंवा टाकी यांना हात लावण्यापूर्वी शाखेला लेखी कळवून संमती घ्यावी. उघड्या पोर्चमध्ये लिफ्टवर छप्पर घालावयाचे असल्यास नगरपालिकेची परवानगीही आधी तपासावी. सुधारणा-कर्जातून हा खर्च भागविण्याचा विचार असेल, तर इमारतीचे काम आणि यंत्राची किंमत यांची अंदाजपत्रके वेगवेगळी घ्यावीत. दोहोंना एकच नियम लागू होईल असे गृहीत धरू नये.