विमानाने कॅमेरा नेताना

पुढच्या महिन्यात आपल्या वाङ्मय मंडळाची सहा जणांची टीम हैदराबादला जाणार आहे. तिथे तीन-चार पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतल्या आजी-आजोबांना भेटायचं, त्यांना बोलतं करायचं आणि त्यांची मराठी कॅमेऱ्यात उतरवून आणायची, असा बेत आहे. सहापैकी चौघं पहिल्यांदाच विमानात बसणार आहेत. माझे मामा लग्नाचे फोटोग्राफर आहेत. गेली तीन वर्षं सुट्टीत मी त्यांच्याबरोबर असिस्टंट म्हणून जाते. चर्चमधली लग्नं, आदल्या संध्याकाळचा रोस, कधी गोव्यात तर कधी हैदराबादला. त्यामुळे मॅडम म्हणाल्या, "सगळ्यांना एकदा नीट लिहूनच दे की, काय कुठे ठेवायचं ते." म्हणून हा लेख. ज्यांना हैदराबादला जायचं नाही, त्यांनाही कधीतरी उपयोगी पडेल.

सगळ्यात मौल्यवान काय?

बॅग भरायच्या आधी मामा एकच प्रश्न विचारतात, "यातलं काय गेलं तर परत मिळणार नाही?" बॉडी पुन्हा विकत मिळते. लेन्स मिळते, भाड्यानेही मिळते. पण कार्डात असलेलं लग्न पुन्हा लागत नाही. आपल्या बाबतीत तर हे जास्तच खरं आहे. ज्या आजी-आजोबांकडे आपण जाणार आहोत, त्यांतले काही नव्वदीला टेकलेले आहेत.

चंद्रावर गेलेल्या अंतराळवीरांनीही हाच हिशेब केला होता. १९६९ ते १९७२ या काळातल्या अपोलो मोहिमांत त्यांच्याकडे हॅसलब्लाड कॅमेरे होते. परतताना वजन वाचवायचं म्हणून चंद्रावर वापरलेले बहुतेक कॅमेरे त्यांनी तिथेच सोडले आणि फिल्म भरलेली मॅगझिन्स तेवढी परत आणली. म्हणून आपणही क्रम ठरवून घेऊ. आधी कार्डं, मग बॅटऱ्या (त्यांचा कायदाच वेगळा आहे), मग लेन्स, मग बॉडी आणि शेवटी स्टँड-वायरी.

सात किलोचं गणित

देशांतर्गत प्रवासात इकॉनॉमीच्या तिकिटावर बहुतेक कंपन्या हातातल्या बॅगेला ७ किलोची मर्यादा घालतात. ऐकायला भरपूर वाटतं. पण मोजून बघा. एक फुल-फ्रेम बॉडी बॅटरीसकट साधारण ७०० ग्रॅम, म्हणजे दोन बॉडींचे १.४ किलो. २४-७० ची लेन्स ८०० ग्रॅम, ७०-२०० ची दीड किलोच्या जवळपास. सेलसकट दोन फ्लॅश एक किलो. कॅमेऱ्याची चांगली गादी असलेली बॅग रिकामीच दीड-दोन किलो भरते. झाले साडेसहा किलो! अजून चार्जर, माईक, हार्ड डिस्क, लॅपटॉप बाकीच.

उपाय सोपे आहेत. एक, जाड बॅगेऐवजी हलकी सॅक घ्यायची आणि आत गादीचे कप्पे टाकायचे. दोन, सामान माणसांत वाटायचं. आपण सहा जण आहोत, म्हणजे सहा बॅगा. एकाच्या पाठीवर सगळा कॅमेरा आणि बाकीचे नुसते चिवडा घेऊन, असं करायचं नाही. तीन, घरच्या काट्यावर बॅग तोलूनच निघायचं.

मोठी लेन्स बॉडीला लावून ठेवू नका. बॅग आपटली की सगळा ताण दोघांच्या जोडावर, म्हणजे माउंटवर येतो आणि तिथली दुरुस्ती महागात पडते. लेन्स काढा, दोन्हीकडची झाकणं लावा, बॉडीलाही झाकण लावा.

बॅटऱ्या कायम हाताशी

हा नियम पाठच करा. सुट्ट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत ठेवायला मनाई आहे. त्या हातातल्या बॅगेतच न्यायच्या.

कारण समजून घेतलं की नियम लक्षात राहतो. लिथियम सेल आतून शॉर्ट झाला की तापतो, त्या उष्णतेने अजून तापतो आणि शेवटी पेटतो. विमानाच्या पोटात आग विझवायला हॅलॉन वायू असतो. त्याने ज्वाळा दबतात, पण सेलच्या आत सुरू झालेली प्रक्रिया थांबत नाही. केबिनमध्ये मात्र धूर लगेच दिसतो आणि कर्मचारी पाणी ओतून बॅटरी थंड करू शकतात. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाआधीच पेटलं. आतले १७६ जण बाहेर पडू शकले, पण विमानाचं छत जळून गेलं. डोक्यावरच्या कप्प्यातल्या पॉवर बँकेमुळे हे झालं असावं, असं तपासात पुढे आलं. म्हणून पॉवर बँक त्या कप्प्यात न टाकता आपल्याजवळ ठेवावी, आणि विमानात वापरूही नये.

किती मोठी बॅटरी चालते? मोजमाप वॉट-अवरमध्ये असतं. १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही. १०० ते १६० मधल्या जास्तीत जास्त दोन, त्याही विमान कंपनीला आधी विचारून. त्यापुढच्या बॅटऱ्या प्रवाशाला नेताच येत नाहीत. बॅटरीवर वॉट-अवर छापलेलं नसेल तर व्होल्ट आणि अँपिअर-अवरचा गुणाकार करा. कॅमेऱ्याची ७.२ व्होल्ट, २,००० मिलिअँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ७.२ गुणिले २, साधारण १४ वॉट-अवर. २०,००० ची पॉवर बँक ३.७ व्होल्टने ७४ वॉट-अवर. म्हणजे आपलं सगळं मर्यादेत बसतं. फक्त प्रत्येक बॅटरीला तिचं प्लास्टिकचं झाकण हवं. झाकण हरवलं असेल तर टोकांवर चिकटपट्टी लावा. सुटी बॅटरी किल्ल्या आणि नाण्यांबरोबर एका खिशात कधीच नको.

एटीआरच्या पायरीशी

बेळगावसारख्या लहान विमानतळांवरून उडणाऱ्या विमानांत पंख्याची एटीआर-७२ बरीच असतात. त्यांचे डोक्यावरचे कप्पे लहान. मोठ्या विमानात सहज मावणारी सॅक तिथे मावत नाही. मग विमानाच्या पायरीशी कर्मचारी म्हणतात, "ही बॅग खाली द्या, उतरल्यावर मिळेल." तिथे वाद घालण्यात अर्थ नसतो, मागे रांग खोळंबलेली असते.

यावर मामांची युक्ती आहे. सॅकच्या आत एक छोटी, पट्टा असलेली पिशवी ठेवायची. तिच्यात कार्डं, सगळ्या बॅटऱ्या, पॉवर बँक, हार्ड डिस्क, एक बॉडी आणि एक लेन्स. बॅग मागितली की ही पिशवी उचलून गळ्यात अडकवायची आणि उरलेली सॅक द्यायची. दहा सेकंदांचं काम. बॅटऱ्या तर काढाव्याच लागतात, कारण बॅग पोटात गेली की वरचा नियम तिलाही लागू होतो. पिशवी इतकी लहान हवी की समोरच्या सीटखाली सरकेल.

सुरक्षा तपासणी

लॅपटॉप, कॅमेरा, चार्जर, पॉवर बँक बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगतात. एक्स-रेने मेमरी कार्डाला किंवा डिजिटल कॅमेऱ्याला काही होत नाही, निश्चिंत राहा. खरा धोका ट्रे पलीकडे पोचण्याचा आणि आपण अजून रांगेत असण्याचा. आपल्याकडे बायका आणि पुरुषांच्या तपासणीच्या रांगा वेगळ्या असतात. ज्या बाजूची रांग छोटी, तिथल्या एकाने आधी पलीकडे जाऊन पट्ट्याशी उभं राहायचं, मग दुसऱ्याने ट्रे आत सोडायचे. मामा आणि मी असंच करतो.

आपल्यातल्या दोघांना हल्ली फिल्म कॅमेऱ्याचं वेड लागलंय, त्यांच्यासाठी वेगळं सांगते. फिल्म चेक-इनमध्ये टाकूच नका. तिथली यंत्रं जास्त ताकदीची असतात आणि फिल्मवर धुकं चढतं. हातातल्या सामानाच्या जुन्या यंत्रातून कमी आयएसओची फिल्म एक-दोनदा गेली तर सहसा बिघडत नाही, पण ८०० आणि त्यावरच्या फिल्मला धोका असतो. नव्या सीटी यंत्रांत तर कुठलीच फिल्म घालू नये. रोल पारदर्शक पिशवीत सुटे ठेवा आणि हाताने तपासण्याची नम्रपणे विनंती करा. निर्णय मात्र अधिकाऱ्याचा, म्हणून वेळ हाताशी ठेवून जा.

चेक-इनमध्ये काय द्यायचं?

ट्रायपॉड, लाईटचे स्टँड, स्क्रूड्रायव्हर, वायरी हे खुशाल द्या. धूळ उडवायचा हवेचा दाबाचा डबा मात्र कुठेच चालत नाही. साधा रबरी ब्लोअर घ्या. ट्रायपॉडचं डोकं काढून कपड्यांत गुंडाळा. कडक सुटकेस असेल तर उत्तम. मऊ बॅग असेल तर नाजूक वस्तू मधोमध आणि चारही बाजूंनी चार बोटं कपड्यांचा थर. बॅगेवर कॅमेऱ्याच्या कंपनीचं नाव मिरवू नका, चोराला तो पत्ताच असतो.

हवाबंद कडक पेट्या वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. उडताना केबिन आणि सामानाचा भाग यांतला दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका खाली येतो. त्यामुळे चांगल्या पेटीला दाब सारखा करणारा व्हॉल्व्ह असतो. तो बंद असेल तर खाली आल्यावर झाकण उघडता उघडत नाही.

मोडलं तर?

एका प्रवासात मामांचा फ्लॅश चेक-इनच्या बॅगेत होता. बॅग पट्ट्यावर आली तेव्हा फ्लॅशची मान तुटलेली. त्यांनी तिथल्या तिथे तक्रार लिहून दिली. कंपनीचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. नाजूक आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू चेक-इनमध्ये ठेवल्यास आम्ही जबाबदार नाही, असं तिकिटाच्या अटींत आहे म्हणे. आणि तसं होतंच. बहुतेक कंपन्यांच्या अटींत ते असतं.

भरपाई मिळाली तरी तिला कमाल मर्यादा आहे. देशांतर्गत प्रवासात प्रवाशामागे २०,००० रुपये. आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रिअल करारानुसार १,५१९ एसडीआर, म्हणजे दीड ते दोन लाख रुपयांच्या दरम्यान. एका चांगल्या लेन्सची किंमतच याहून जास्त असू शकते. म्हणून निघण्याआधी प्रत्येक वस्तूचा आणि तिच्या सीरियल नंबरचा फोटो काढून मेलवर टाका, बिलं सांभाळा. मोडतोड दिसली तर विमानतळ सोडायच्या आधीच काउंटरवर नोंद करून तिची प्रत घ्या, आणि सात दिवसांच्या आत लेखी तक्रार द्या. महागडं सामान असेल तर त्याचा वेगळा विमा उतरवावा.

परदेशी जाणाऱ्यांनी अजून एक करावं. जाताना विमानतळावरच्या कस्टम्सकडून कॅमेऱ्याचं निर्यात प्रमाणपत्र घ्यावं. नाहीतर परतताना "हा तिकडून आणलाय" म्हणून शुल्क मागितलं, तर पटवून देताना नाकी नऊ येतात.

उतरल्यावर घाई नको

पावसाळ्यात गोव्याला उतरलात तर हे नक्की आठवा. एसीतून थंड झालेली लेन्स बाहेरच्या दमट हवेत काढली की तिच्यावर दव धरतं. पुसलं तरी पुन्हा येतं, आणि तो ओलावा आत राहिला की बुरशीची सोय होते. कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद ठेवून पिशवीसकट अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्यावा. दव पिशवीवर धरेल, काचेवर नाही. सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. हैदराबादलाही एसी गाडीतून उतरल्यावर हेच करा.

परतीचा प्रवास

जाताना आपल्या बॅगेत फक्त विकत घेता येण्यासारखं सामान असेल. येताना तसं नसेल. म्हणून खरी काळजी परतीच्या दिवशी घ्यायची.

रोज रात्री झोपण्याआधी दिवसभराची सगळी कार्डं दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवायची आणि दोन्हींवरच्या फाईली उघडून बघायच्या. दोन डिस्क दोघांकडे, शक्यतो एकाच बॅगेत नाहीत. कार्डं तिसऱ्याकडे, चेन असलेल्या आतल्या खिशात. भरलेलं कार्ड डबीत उलटं ठेवायचं, म्हणजे कोणी चुकून पुन्हा वापरणार नाही. कॉलेजच्या संगणकावर सगळं उतरेपर्यंत एकही कार्ड फॉरमॅट करायचं नाही, मग शूटिंगला जागा कमी पडली तरी चालेल. नवं कार्ड हैदराबादेत कुठल्याही दुकानात मिळतं.

आणि समजा, पायरीशी बॅग मागितलीच, रांग खोळंबली, कर्मचारी चिडले आणि काय धरू काय सोडू असं झालं, तर कॅमेरा द्या. कार्डं देऊ नका.